खुबा मोडल्यावर जबाबदारी कुणाची? वृद्धांच्या एकत्रित शुश्रूषेचा आढावा

म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडतो तेव्हा तो आजार हाडाचा मानायचा की वार्धक्याचा, या प्रश्नावर वैद्यकशास्त्रात जवळजवळ ऐंशी वर्षे चर्चा चालू आहे. हाडाचा मानला तर उपचार अस्थिरोगतज्ज्ञाचे. रॉड घातला किंवा गोळा बदलला, टाके काढले, की काम संपले. वार्धक्याचा मानला तर शस्त्रक्रिया हा त्या उपचारातला फक्त एक दिवस ठरतो आणि मागचे-पुढचे दिवस कुणी सांभाळायचे हा प्रश्न मोठा होतो. याच दुसऱ्या विचारातून रुग्णालयातल्या एकत्रित शुश्रूषेची पद्धत आली. अस्थिरोगतज्ज्ञ, वृद्धांच्या आजारांचा डॉक्टर, भूलतज्ज्ञ, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, आहार पाहणारा आणि घरच्यांशी बोलणारा माणूस, या सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून एका रुग्णाची जबाबदारी मिळून घ्यायची, असे तिचे स्वरूप आहे.

हा आढावा घेताना नजरेसमोर लातूर जिल्ह्यातला शिरूर अनंतपाळ तालुका ठेवला आहे. १९९९ मध्ये वेगळा झालेला हा लहान तालुका लातूर, निलंगा आणि उदगीर यांच्या मध्ये वसलेला आहे. येरोळ, साकोळ, उजेड अशा गावांतली तरुण माणसे कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली असतात. मागे आई-वडील राहतात, कुठे सून आणि नातवंडे राहतात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरच्या लोकांचे प्रमाण ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात झालेल्या एका पाहणीत पन्नाशीच्या वरच्या दर लाख स्त्रियांमागे वर्षाला १५९ आणि दर लाख पुरुषांमागे १०५ जणांचा खुबा मोडत असल्याचे आढळले. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे हे अस्थिभंग साधारण दहा वर्षे आधी, साठी-सत्तरीतच गाठतात, असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. जगभरचा अनुभव असा, की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो आणि उरलेल्यांपैकी कितीतरी जण पूर्वीसारखे चालत नाहीत.

सुरुवात कुठे झाली

या विचाराचे मूळ इंग्लंडमधल्या गरीबखान्यांत आहे. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्याकडे वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या शेकडो वृद्धांची जबाबदारी आली. त्यांनी एकेकाला तपासले, कोण कशामुळे पडून आहे हे शोधले आणि बऱ्याच जणांना उठवून चालते केले. आडवे राहणे हाच एक आजार आहे, हे तिथे स्पष्ट झाले. पुढच्या दशकात एसेक्समधल्या ऑर्सेट इथे डॉ. लायोनेल कॉसिन यांनी खुबा मोडलेल्या वृद्धांवर शस्त्रक्रिया करून त्यांना लवकर हालते करण्याचा परिपाठ ठेवला. त्यानंतर हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावात अस्थिरोगतज्ज्ञ मायकल डेव्हास आणि वृद्धरोगतज्ज्ञ बॉबी अर्विन यांनी एकाच वॉर्डात एकत्र काम सुरू केले. निवृत्त लोकांची वस्ती मोठी असल्याने तिथे ही गरज आधी जाणवली असावी. आज ज्याला ऑर्थोजेरियाट्रिक्स म्हणतात त्याचा पहिला पक्का नमुना हेस्टिंग्जचा मानला जातो.

त्यानंतर बरीच वर्षे ही कल्पना जिथे उत्साही डॉक्टर होते तिथेच चालली. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये अस्थिरोग आणि वृद्धरोग या दोन्ही संघटनांनी मिळून मार्गदर्शिका काढली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. खुबा मोडलेल्या प्रत्येक वृद्धाची तीत नोंद होऊ लागली. २०१० पासून ३६ तासांच्या आत शस्त्रक्रिया, वृद्धरोगतज्ज्ञाची तपासणी आणि अशाच इतर अटी पाळणाऱ्या रुग्णालयाला प्रत्येक रुग्णामागे जास्तीचे पैसे मिळू लागले. २००७ मध्ये तीस दिवसांतल्या मृत्यूंचे प्रमाण १०.९ टक्के होते, ते २०११ पर्यंत ८.५ टक्क्यांवर आले. हे श्रेय टीमचे, नोंदवहीचे की पैशांचे, यावर तिथेही एकमत नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी आल्याने त्यांचा परिणाम वेगळा काढणे अवघड झाले आहे.

टीम म्हणजे नेमके काय

या शब्दाखाली आज तीन वेगवेगळ्या व्यवस्था मोडतात. पहिलीत रुग्ण अस्थिरोग विभागातच असतो आणि बोलावल्यावर वृद्धरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन येऊन पाहून जातो. दुसरीत दोन्ही विभागांची जबाबदारी सारखी असते, रोजची फेरी एकत्र होते आणि निर्णयावर दोघांची सही असते. तिसरीत रुग्ण वृद्धरोग विभागात दाखल होतो आणि शस्त्रकर्ता फक्त शस्त्रक्रियेपुरता येतो. लातूर-नांदेडच्या रुग्णालयांत जे नेहमी घडते ते पहिल्या प्रकारातलेच, पण त्याहून पातळ असते. फिजिशियनला बोलावतात ते बहुतेक वेळा ‘फिटनेस’साठी. रुग्णाला भूल देता येईल की नाही एवढाच प्रश्न त्यांना विचारला जातो. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी आजी जेवत का नाहीत, रात्री मुलाला ओळखत का नाहीत, हा प्रश्न कुणाचा ते ठरलेले नसते.

पुरावा काय सांगतो

टीमच्या बाजूने सर्वांत भक्कम समजला जाणारा प्रयोग नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचा आहे. २०१५ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. खुबा मोडण्याआधी चालत असलेल्या, सत्तरीपुढच्या ३९७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. एक गट नेहमीच्या अस्थिरोग वॉर्डात राहिला, दुसरा पहिल्या दिवसापासून वृद्धरोग वॉर्डात. चार महिन्यांनी चालणे, खुर्चीतून उठणे आणि तोल यांच्या १२ गुणांच्या चाचणीत पहिल्या गटाला सरासरी ४.३८ आणि दुसऱ्याला ५.१२ गुण मिळाले. फरक कागदावर लहान दिसतो, पण ज्याला स्वतःहून शौचाला जाता येते आणि ज्याला येत नाही त्यांच्यातले अंतर अशाच लहान फरकात असते. रुग्णालयातून थेट घरी जाणाऱ्यांचे प्रमाणही ११ वरून २५ टक्के झाले. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही.

जवळपास त्याच काळात ओस्लोमध्ये ३२९ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. त्यात मुख्य अपेक्षा अशी होती, की वृद्धरोग वॉर्डात ठेवल्याने स्मृती आणि बुद्धी जास्त टिकेल. ती अपेक्षा पूर्ण झाली नाही. ट्रॉन्डहाइमचा दाखला देताना ओस्लोचा विसर पडता कामा नये, कारण तिथली टीमही तितकीच तयारीची होती.

भ्रम हा या चर्चेतला वेगळा अध्याय आहे. शस्त्रक्रियेनंतर एकदोन दिवसांत म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागते, सलाइनची नळी ओढते, मेलेल्या माणसांना हाका मारते. ‘वात झाला’ असे आपल्याकडे म्हणतात आणि बहुतेक घरांत ते शेवटाचे लक्षण समजले जाते. प्रत्यक्षात वेदना, लघवी तुंबणे, रक्तातले सोडियम कमी होणे, झोपेच्या गोळ्या, ताप किंवा चष्मा-कानयंत्र काढून ठेवणे, यांतले काहीतरी त्यामागे असते आणि कारण सापडले तर माणूस भानावर येते. बोस्टनमध्ये १२६ रुग्णांवर झालेल्या २००१ च्या प्रयोगात वृद्धरोगतज्ज्ञाने रोज येऊन अशी कारणे हुडकली. नेहमीच्या उपचारांत ५० टक्के रुग्णांना भ्रम झाला होता, या गटात ३२ टक्क्यांना झाला. स्वीडनमधल्या उमिओ इथे १९९ रुग्णांवरच्या प्रयोगात भ्रमाचे सरासरी दिवस दहावरून पाचावर आले. भ्रमाबद्दलचा ओस्लोचा निकाल मात्र याच्याशी जुळत नाही. तीन प्रयोगांतले रुग्ण, वॉर्ड आणि मोजण्याच्या रीती वेगळ्या असल्याने कुणाचा निकाल शेवटचा मानायचा हे ठरलेले नाही.

एक प्रयोग मला या सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मोठा डॉक्टर कुणीच नव्हता. वेल्समधल्या कार्डिफ इथे खुबा मोडलेल्या ३१८ वृद्ध स्त्रियांपैकी अर्ध्याजणींसाठी वॉर्डात आहार-सहायक नेमले. त्यांचे काम एवढेच, की बाईला काय आवडते ते विचारायचे, ताट हाताशी आणून ठेवायचे, भरवायचे आणि किती खाल्ले ते लिहायचे. नेहमीच्या गटात वॉर्डातल्या मृत्यूंचे प्रमाण १०.१ टक्के होते, आहार-सहायकांच्या गटात ४.१ टक्के. चार महिन्यांनी हेच आकडे २२.९ आणि १३.१ असे होते. हा एकाच वॉर्डातला प्रयोग आहे, म्हणून त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत असे संख्याशास्त्राचे जाणकार सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण आपल्याकडच्या वॉर्डातले दृश्य डोळ्यांसमोर आणावे. शस्त्रक्रियेसाठी रात्री बारापासून उपाशी ठेवलेली आजी दुपारी दोनला ‘आज होणार नाही’ ऐकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. शस्त्रक्रिया झाल्यावर ती मुद्दाम कमी खाते आणि पाणीही कमी पिते, कारण दर वेळी बेडपॅन मागण्याची तिला लाज वाटते. सुनेने आणलेली भाकरी-वरण तशीच झाकून राहते. हे पाहणे कुणाच्याही कामाच्या यादीत लिहिलेले नसते.

सगळ्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात आहे. २८ प्रयोग आणि ५,३५१ रुग्ण त्यात आहेत. रुग्णालयातल्या एकत्रित शुश्रूषेमुळे ‘वाईट शेवट’, म्हणजे मृत्यू किंवा घर सोडून कायमचे संस्थेत राहावे लागणे, साधारण १२ टक्क्यांनी कमी होतो असा मध्यम खात्रीचा निष्कर्ष तिथे मांडला आहे. घरी जाऊन दिलेल्या शुश्रूषेबद्दलचा पुरावा मात्र तुटपुंजा निघाला. आपल्या दृष्टीने हीच मोठी उणीव आहे. मराठवाड्यात वृद्धाश्रमात जाणारे थोडे, जवळजवळ सगळेच घरी जातात. त्यामुळे ज्या मापाने टीमचा फायदा मोजला ते माप इथे नीट बसत नाही आणि ज्या ठिकाणी आपला रुग्ण पुढचे सहा महिने काढणार तिथला पुरावाच कमी आहे.

घड्याळ कधी सुरू करायचे

शस्त्रक्रिया किती लवकर व्हावी हा दुसरा मोठा वाद. ब्रिटनच्या मार्गदर्शनानुसार दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. त्याहूनही लवकर केली तर जास्त जीव वाचतील का, हे पाहण्यासाठी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने १७ देशांतल्या ६९ रुग्णालयांत, त्यांत भारतातलीही होती, २,९७० रुग्णांवर प्रयोग झाला. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण ६ तासांत झाली, दुसऱ्याची साधारण २४ तासांत. नव्वद दिवसांतले मृत्यू ९ आणि १० टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. पण लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रम आणि लघवीचा जंतुसंसर्ग कमी आढळला आणि ते लवकर उभे राहिले.

या निकालाचे दोन अर्थ लावले जातात. काहींच्या मते रुग्णाचे हृदय, साखर, रक्तदाब नीट करण्यात एक दिवस गेला तरी बिघडत नाही. इतरांच्या मते जिवाला धोका नसताना वेदनेचा एक दिवस वाचत असेल तर तो वाचवावा. पण त्या प्रयोगात घड्याळ सुरू झाले ते निदान झाल्यापासून. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या रुग्णाचे घड्याळ न्हाणीघरात पाय घसरला तेव्हाच सुरू झालेले असते.

तिथून पुढचा प्रवास साधारण असा होतो. पहिला दिवस ‘मुका मार असेल’ म्हणत गरम तेलाने चोळण्यात जातो. हे अडाणीपणाचे लक्षण मानू नये. हाडाचे तुकडे एकमेकांत रुतलेले असले तर रुग्ण लंगडत का होईना, चालू शकतो आणि हाड मोडले असे घरच्यांना वाटतच नाही. मग कुणी हाडवैद्याचे नाव सुचवते. मोडलेल्या हातावर त्याच्या पट्टीचा गुण आलेला शेजारी प्रत्येक गावात असतो. खुब्याच्या आतल्या हाडाला बाहेरून पट्टीचा उपयोग नाही, हे त्या शेजाऱ्याच्या अनुभवातून कळत नाही. पुढे मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबायचे, कारण सही आणि पैसे त्याचे. सुगी असेल तर गाडी मिळेना, माणूस निघेना. लातूरला पोचल्यावर एक्स-रे होतो आणि तिथून रुग्णालयातली वाट पाहणे सुरू होते: इको करून आणा, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे म्हणून पाच दिवस थांबा, रक्ताची पिशवी आणा. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांवरच्या २०१७ च्या अभ्यासातही उशिराचे हे दोन्ही टप्पे दिसले होते, रुग्णालयापर्यंत पोचण्यातला आणि आत आल्यानंतरचा.

आतला उशीर टीमने कमी होतो, याला आशियातला चांगला दाखला आहे. बीजिंगमध्ये एका मोठ्या अस्थिरोग रुग्णालयात एकत्रित शुश्रूषा सुरू केली आणि शहरातल्या नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांशी तिची तुलना केली. दोन हजारांवर रुग्णांच्या या अभ्यासात ४८ तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण टीमच्या रुग्णालयात ७५ टक्क्यांच्या आसपास होते, इतरत्र २७ टक्क्यांच्या आसपास. चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी इथे नव्हती, त्यामुळे रुग्णालयांतला मूळचाच फरक किती आणि टीमचा किती, ही शंका राहते. गोळीमुळे थांबायचे का, प्रत्येकाचा इको हवा का, यावर आता बऱ्याच मार्गदर्शिकांचा कल ‘या कारणांनी शस्त्रक्रिया अडवू नका’ असा आहे. तरीही जिल्ह्याच्या गावी एकट्याने भूल देणाऱ्या डॉक्टरची भीती समजून घ्यायला हवी. टेबलावर काही झाले तर जमावाला तोंड देणारा तोच असतो. टीमचा एक फायदा असा सांगितला जातो, की धोक्याचा निर्णय एकट्याचा राहत नाही. हा फायदा आकड्यांत कुणी मोजलेला नाही, पण लातूरसारख्या गावात त्याचे मोल मोठे असेल असे मला वाटते.

टीममध्ये कोण असावे

भारतातली खरी अडचण इथे सुरू होते. वृद्धरोगतज्ज्ञ देशातच थोडे आहेत. केंद्र सरकारने २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय हे प्रादेशिक केंद्र ठरले आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धकक्ष, फिजिओथेरपी, तालुका पातळीवर वृद्धांसाठी ठरावीक दिवशी बाह्यरुग्ण सेवा अशी रचना आखली गेली. मराठवाड्यात लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी तीन मोठी सरकारी ठिकाणे जवळ आहेत. लातुरात १९६६ पासून चाललेले विवेकानंद रुग्णालय आहे, फिजिओथेरपीचे शिक्षणही मिळते. म्हणजे वृद्धरोगतज्ज्ञ सोडला तर टीमची बाकीची माणसे लातुरात आहेत, फक्त ती एका रुग्णाभोवती एकत्र येत नाहीत.

यावर तज्ज्ञांत तीन मते आहेत. पहिल्या मतानुसार वृद्धरोगतज्ज्ञाशिवाय ही पद्धत नावापुरतीच राहील. चार आजार आणि दहा गोळ्या असलेल्या माणसाकडे समग्र पाहणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ट्रॉन्डहाइममध्ये फळाला आले ते तेच. दुसरे मत असे, की एम. डी. मेडिसिन झालेला डॉक्टर, एक पानाची तपासयादी आणि रोजची एकत्र फेरी एवढ्यावर बराचसा फायदा मिळेल. वेदना, पाणी, लघवी, शौच, झोप, भ्रम, पाठीची कातडी, जेवण, उभे राहणे, एवढे रोज विचारायला नवी पदवी लागत नाही. तिसरे मत परिचारिकेला केंद्रस्थानी ठेवते. डॉक्टर बदलत राहतात, वॉर्डातली सिस्टर तीच असते, म्हणून समन्वयक तीच असावी. आक्षेप असा, की एका सिस्टरकडे आधीच तीस-चाळीस खाटा असताना हे काम तिच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. तिन्ही बाजूंकडे तथ्य आहे. उपलब्ध माणसे पाहता दुसरी वाट आधी चालून पाहण्याजोगी दिसते, पण तपासयादीची टीम आणि वृद्धरोगतज्ज्ञाची टीम यांची समोरासमोर तुलना झाल्याशिवाय पहिल्या मताला उत्तर मिळणार नाही.

टीमचे काम सर्वांत स्पष्ट दिसते ते शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. वेदनेची गोळी अर्धा तास आधी दिलेली हवी, नाहीतर आजी हात लावू देत नाहीत. फिजिओथेरपिस्ट पाय खाटेच्या कडेला आणतो, सिस्टर पाठीमागून आधार देते, लघवीची पिशवी कुणीतरी उचलून धरावी लागते. बसवल्याबरोबर चक्कर येते, म्हणून दोन मिनिटे तसेच बसू द्यायचे, रक्तदाब पाहायचा. मग वॉकर पुढे. ‘भार टाकू का?’ या आजींच्या प्रश्नावर शस्त्रकर्त्याचे उत्तर आधीच कागदावर लिहिलेले असेल तर त्या उभ्या राहतात. लिहिलेले नसेल तर कुणीच जबाबदारी घेत नाही आणि तो दिवस जातो. पूर्ण भार टाकू द्यावा असा आजचा सर्वसाधारण कल आहे. तरी हाड ठिसूळ आणि स्क्रूची पकड कमी असल्याचे शस्त्रक्रियेत हाताला जाणवले असेल तर काही शस्त्रकर्ते अजून सहा आठवडे थांबवतात.

हाडे आणि खर्च

एकदा खुबा मोडलेल्याचा दुसऱ्या बाजूचा मोडण्याचा धोका बराच वाढतो. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रोनिक ॲसिडवर २,१२७ रुग्णांचा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. तरी आपल्याकडे घरी जाताना बहुधा कॅल्शियमच्या गोळ्याच मिळतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता आधी भरून काढावी लागते, मूत्रपिंड तपासावे लागते, आणि हे करायचे कुणी हे न ठरल्याने औषध राहून जाते. याबाबत शास्त्रात फारसा वाद नाही.

पैशांचे चित्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे. राज्यात २०१२ पासून सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेली जनआरोग्य योजना, २०१८ पासूनची आयुष्मान भारत आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांपर्यंतचे संरक्षण, यामुळे शस्त्रक्रियेच्या खर्चाचे ओझे हलके होऊ शकते. पण पॅकेजची बांधणी शस्त्रक्रियेभोवती आहे. आयुष्मान भारतमध्ये घरी गेल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला असतो, खुब्याच्या रुग्णाचे सावरणे चार ते सहा महिने चालते. ब्रिटनसारखे दर्जाशी पैसे जोडावेत असे काही जण म्हणतात. त्यावर दुसऱ्यांची भीती अशी, की त्यामुळे कागद भरण्याचे कौशल्य वाढेल आणि लहान रुग्णालये अवघड रुग्ण घेणारच नाहीत. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत.

घर

रुग्णालयातली टीम कितीही चांगली असली तरी तिचे काम उंबऱ्याशी येऊन थांबते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर या भागात घरांची बांधणी बदलली, पण जगणे अजून जमिनीवरचेच आहे. जेवण खाली बसून, झोपणे अंथरुणावर, शौचालय बसके. गोळा बदललेल्या रुग्णाला उकिडवे बसू नका, मांडी घालू नका असे सांगतात. म्हणजे रोजच्या जगण्यातल्या जवळजवळ प्रत्येक क्रियेला मनाई होते. कमोडची खुर्ची, खाटेखाली विटा लावून वाढवलेली उंची, न्हाणीघरात धरायला एक दांडी, एवढ्याने बरेच भागते. ते आधी सांगितले तर रुग्ण घरी पोचेपर्यंत मुलगा करून ठेवतो. रॉड घातलेल्यांना हाड जुळल्यावर हळूहळू खाली बसू द्यावे का, यावर भारतीय शस्त्रकर्त्यांत मतभेद आहेत, आणि ट्रॉन्डहाइमच्या चाचणीत तर जमिनीवरून उठण्याला गुणच नव्हते. आपल्या वृद्धांचे सावरणे मोजायचे तर माप आपल्या घरातून घ्यावे लागेल.

गावात हे काम कुणी करावे? महाराष्ट्राकडे अनुभव आहे. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ घडवल्या. गडचिरोलीत ‘सर्च’ने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करता येतात हे १९९९ मध्ये जगाला दाखवले. यावरून काहींना वाटते, की आशा ताईंना वॉकरचा सराव आणि पाठीच्या जखमा ओळखणे शिकवता येईल. इतरांचा आक्षेप असा, की बाळाची काळजी काही आठवड्यांची आणि सगळे घर त्यात उत्साहाने उतरते. वृद्धाची शुश्रूषा महिनोन्महिने चालते, ती एकट्या सुनेवर पडते आणि आशांवर आधीच कामांचा डोंगर आहे. त्या सुनेचा बुडालेला रोज कुठल्याच अभ्यासाच्या खर्चात मोजला जात नाही, याचे मला वाईट वाटते.

अजून काय ठरायचे आहे

रुग्णालयात एकत्र शुश्रूषा मिळालेल्या वृद्धांचे चालणे आणि स्वतःचे करता येणे काहीसे सुधारते, याबद्दल आता फारसे दुमत नाही. ती मृत्यू किती टाळते याबद्दल आहे. भ्रमाबद्दलचे निकाल आपसांत जुळत नाहीत. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांना बऱ्याच प्रयोगांतून वगळले होते. वृद्धरोगतज्ज्ञ नसलेली टीम कितपत पुरते, घरी कितीदा जावे लागते, आणि एकट्याने राहणाऱ्या आजी-आजोबांचे काय करायचे, हे प्रश्न मराठवाड्यासाठी उघडे आहेत आणि त्यांची उत्तरे नॉर्वेतून येणार नाहीत.

उत्तरे शोधण्याची सुरुवात नोंदीपासून होऊ शकते. ब्रिटनच्या नोंदवहीत शस्त्रक्रियेनंतर १२० व्या दिवशी रुग्ण कुठे आहे आणि कसा चालतो याची विचारणा होते. लातूर जिल्ह्यात त्यासाठी मोठी यंत्रणा लागणार नाही. पडल्याची तारीख, दाखल झाल्याची तारीख, शस्त्रक्रियेची तारीख आणि पहिल्यांदा उभे केल्याची तारीख असे चार रकाने रुग्णालयात भरायचे. चार महिन्यांनी आशा ताईंनी घरी जाऊन विचारायचे: आजी आहेत का, चालतात का, शौचाला स्वतः जातात का, हाडाचे औषध चालू आहे का.